समुद्र न शिकलेले आम्ही तिघं

विदर्भ एक्सप्रेस गोंदियालाच संपते, त्यामुळे स्टेशन चुकण्याची भीती नव्हती. तरी नागपूर गेल्यापासून मी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. समोरच्या बर्थवर सावंतकाका गाढ झोपले होते. ज्या माणसाचं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलं, तो कुठेही झोपतो. माझा मात्र मालवणहून निघाल्यापासून डोळा नीट मिटलेला नव्हता. डिसेंबर लागला होता, आमच्या किनाऱ्यावर कासवं वर यायला सुरुवात झाली होती, आणि अशा दिवसांत आम्ही दोघं समुद्राकडे पाठ करून निघालो होतो, डॉक्टरांना परत आणायला.

ज्यांना आमची संस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगते. डॉ. सुनंदा रामटेके या मूळच्या गोंदियाच्या, जनावरांच्या डॉक्टर. सरकारी दवाखान्यात बदली होऊन त्या आमच्या तालुक्यात आल्या तेव्हा त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. त्याच वर्षी कोळ्यांनी त्यांच्या दारात रिक्षातून एक कासव आणून ठेवलं. जाळ्यात अडकून त्याचा पुढचा पाय अर्धा कापला गेला होता. डॉक्टरांनी तोवर गाई-म्हशी आणि शेळ्या सोडून कशाला हात लावलेला नव्हता. त्यांनी टाके घातले, कासवाला दवाखान्याच्या हौदात ठेवलं आणि खारं पाणी कुठून आणायचं म्हणून गावात विचारत फिरल्या. जहाजावरून निवृत्त होऊन घरी कंटाळलेले सावंतकाका त्यांना असे भेटले. त्यांनी जुन्या होडीचा पंप काढून आणला.

मी आले ती उलट्या बाजूने. मी दिवाणी वकील, जमिनीच्या वाटण्यांचे दावे चालवणारी. कासवाची अंडी चोरल्याचा आरोप असलेला एक गडी माझ्याकडे आला आणि त्याची केस मी लढवली. डॉक्टर साक्षीला होत्या. मी त्यांची उलटतपासणी घेतली, गडी सुटला, आणि कोर्टाच्या पायरीवर डॉक्टरांनी मला विचारलं की हा माणूस आमच्याकडे राखणीला येईल का. तो आला. त्याच्या मागून मीही गेले.

त्यातून कासवं राखणारी संस्था उभी राहिली. जनावरांची डॉक्टर अध्यक्ष, जहाजाचा इंजिनियर खजिनदार, वकीलबाई सचिव. समुद्राचं रीतसर शिक्षण आमच्यात एकाचंच होतं, तन्वी कुबलचं. ती सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, मच्छीमाराच्या घरातली, तिशीला टेकलेली. ती आमच्याकडे पगारावर शास्त्रज्ञ म्हणून काम करत होती.

त्या पावसाळ्यानंतर मदत देणाऱ्या एका मोठ्या संस्थेची माणसं पाहणीला आली. त्यांच्यातल्या एका सभ्य गृहस्थांनी चहा पिता पिता विचारलं, संस्था चालवणाऱ्यांपैकी समुद्राचा अभ्यास कोणाचा आहे? आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाल्या, "मी ढोरांची डॉक्टर आहे." गृहस्थ हसले, आम्हीही हसलो. पण थोड्याच दिवसांत डॉक्टर, वहिनीला बरं नाही असं सांगून, गोंदियाला गेल्या, आणि आल्याच नाहीत. फोन केला की येते म्हणायच्या. शेवटी निरोप आला: माझा राजीनामा मंजूर करा.

मी तो मंजूर करणार नव्हते.

मुर्री

स्टेशनबाहेर सकाळचं धुकं होतं आणि अशी थंडी, की आमच्या कोकणात जानेवारीतही अंगावर येत नाही. सावंतकाकांनी कानाला मफलर गुंडाळला आणि समोरच्या गाड्यावर पोहे मागवले. इथे पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री ओततात. काकांनी पहिला घास घेतला, डोळे पुसले आणि आणखी एक प्लेट मागितली. मी निम्मेच खाल्ले. रिक्षावाला हिंदीत बोलत होता. मुर्रीला कोणाकडे, असं त्याने विचारलं, आणि नाव सांगताच म्हणाला, जनावरांच्या डॉक्टरीण ना, बसा. दोन-अडीच महिन्यांत त्यांना सगळं गाव ओळखायला लागलं होतं. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मुर्री गोंदियाच्या कडेला आहे. शहराची घरं संपत संपत शेतात मिसळतात. वाटेत राइस मिली, तुसाचे ढीग, आणि हवेत भाजल्यासारखा भाताचा वास. डॉक्टरांचे भाऊ गौतमभाऊ दारातच उभे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. जय भीम केला, बॅगा हातातून घेतल्या, खुर्च्या उन्हात मांडल्या. डॉक्टर घरात नव्हत्या.

"ताई सकारीच गेली जी," त्यांची बायको विमलवहिनी म्हणाली. तिची तब्येत ठणठणीत दिसत होती. "तुमी येनार, हे तिले मालूम हाय."

म्हणजे माहीत असून गेल्या होत्या. काका चहा पिऊ लागले. मी अंगणात उभीच राहिले.

तो दिवस मला अजून आठवतो तो नुसता बसण्याचा. दुपारी जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि कोचईच्या पानांच्या वड्या होत्या. कोचई म्हणजे आपलं अळूच. गोड्या पाण्यातल्या बारीक मासोळ्यांचा रस्साही होता. काकांनी तो मनापासून खाल्ला आणि मग मला हळूच मालवणीत सांगितलं की मासे चांगले आहेत, पण त्यांना समुद्र लागलेला नाही. जेवून मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. टोकाला कापणी झालेली धानाची शेतं होती. तिथे कापणीआधीच ओल्या चिखलात लाखोरीचं बी विखरून देतात, आणि धान निघालं की खालून ती हिरवी होऊन वर येते. आमच्याकडे भातानंतर कुळीथ पेरतो, पण त्यासाठी नांगरावं लागतं. इथे एक पीक उभं असतानाच त्याच्या पायात दुसरं वाढत असतं. हे मी इतकं निरखून पाहिलं, कारण पाहायला दुसरं काही नव्हतं. फोनला मधूनच रेंज यायची. तन्वीला मी चार-पाचदा फोन लावला असेल. घरटी किती, राखणीला कोण, वारा कसा. ती नेमकी उत्तरं देत होती आणि एकदाही विचारत नव्हती की डॉक्टर येणार का.

गौतमभाऊ माझी ही येरझार बघत होते. शेवटी त्यांनी आमची पूर्ण चौकशी केली. मी काय शिकले, काका कुठल्या जहाजावर होते, पगार मिळतो की नाही. सगळं ऐकून त्यांनी मास्तरांच्या सवयीने गोळाबेरीज केली.

"तुमी वकील, हे इंजिनेर, आमची ताई ढोराची डाक्टर. मंग समुद्राचं तुमाले शिकवलं कोनं जी?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगू लागले की चुकत चुकत शिकलो, पुस्तकं वाचली, कोळ्यांना विचारलं. बोलता बोलता माझा आवाज कोर्टातल्यासारखा चढायला लागला, तेव्हा काकांनी विषय धानाच्या भावावर नेला.

डॉक्टर दिवेलागणीला आल्या. स्कूटरवर मागे औषधांची पेटी, अंगात स्वेटर, पायात चिखलाचे बूट. मला जवळ घेतलं, काकांना नमस्कार केला, प्रवासाची, किनाऱ्याची, राखणीच्या गड्याच्या गुडघ्याची विचारपूस केली. फक्त परत येण्याचं काढलं नाही. मी दोनदा विषय वळवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्यांनी माझ्या ताटात भात वाढला. मग म्हणाल्या, उद्या तिरोड्याकडे जायचंय, चला दोघं माझ्यासोबत.

तिरोड्याच्या वाटेवर

गौतमभाऊंनी ओळखीची जीप बोलावली होती. तिरोडा जवळ आलं तसा नव्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर सपाट शेतांवरून लांबूनच दिसू लागला. त्याच्या अलीकडे आम्ही एका गावात वळलो. रहांगडाले नावाच्या पोवार शेतकऱ्याकडे म्हैस पहाटेपासून अडली होती. पोवार मंडळी फार पूर्वी माळव्यातून इकडे आलेली. घरात त्यांची पोवारी बोली चालते. रहांगडाल्यांची म्हातारी आई गोठ्याच्या दारात बसून त्याच बोलीत काहीतरी पुटपुटत होती. डॉक्टर तिच्याशी पोवारीतच दोन शब्द बोलल्या आणि स्वेटर काढून आत शिरल्या.

मी डॉक्टरांना कासवांबरोबर शेकडो वेळा पाहिलं होतं. म्हशीबरोबर पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी खांद्यापर्यंत साबण लावला, जमिनीवर अंग टाकलं आणि हात आत घातला. गाल म्हशीच्या मांडीला टेकवून, डोळे मिटून त्या कितीतरी वेळ नुसत्या चाचपडत राहिल्या. मग म्हणाल्या, पाय पुढे आहेत, मान मागे वळलीय.

त्यांनी आम्हाला कामं वाटून दिली, किनाऱ्यावर देत तशीच. मी कोमट पाणी ओतायचं. रहांगडाल्यांनी म्हशीची मान धरायची. काकांनी दोरी. काका गुडघ्यावर बसले आणि बाहेर आलेल्या दोन खुरांना अशा गाठी मारल्या की ओढल्या तरी पायावर आवळू नयेत. डॉक्टरांनी आतून पिल्लाला मागे ढकललं, पुन्हा ढकललं, आणि एका क्षणी त्यांचा चेहरा सैल पडला. मान सरळ झाली होती.

"कळ आली की ओढा, काका. कळ गेली की थांबा. मी सांगते."

काका त्यांच्या सांगण्यावर ओढत होते आणि थांबत होते. सत्तरीला आलेला माणूस, थंडीत घामाने भिजलेला. म्हैस एकदा अशी हंबरली की माझ्या हातातलं भांडं पडलं. मग सगळं एकदम झालं. पिल्लू पाण्यासकट काकांच्या मांडीवर आलं. ते हलत नव्हतं. डॉक्टरांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, त्याला उलटं धरून झटकलं, काडीने नाकपुडीत टोचलं, गवताने घासलं. पुन्हा घासलं. आणि मग ते शिंकलं.

"वगार झाली," रहांगडाले म्हणाले. म्हशीच्या मादी पिल्लाला तिकडे वगार म्हणतात.

मला वाटलं आता निघू. पण डॉक्टर तिथेच भिंतीला टेकून बसल्या. पिल्लू उठायला धडपडत होतं, पडत होतं. ते उभं राहून आईच्या कासेला लागेपर्यंत त्या उठल्या नाहीत. त्यांना इतकं निवांत बसलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

नंतर घरामागच्या बोडीवर आम्ही हातपाय धुतले. बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं. त्यात शिंगाड्याच्या वेली पसरल्या होत्या आणि पलीकडे परदेशी बदकं उतरली होती. रहांगडाल्यांच्या सुनेने चहा आणून दिला. आता मला थांबणं शक्य नव्हतं. मी म्हणाले की एका अनोळखी माणसाच्या प्रश्नाने तुम्ही उभं केलेलं सगळं टाकून आलात. लोक काय समजतील? आम्ही काय समजायचं?

"त्या प्रश्नाचं वाईट वाटलं," डॉक्टर म्हणाल्या. "पण तेवढ्यासाठी मी आली नाही. तन्वी जाऊन राहिली होती."

मला कळलंच नाही. कुठे जाऊन? त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, निघत होती.

मग त्यांनी सांगितलं. तन्वीला गोव्याच्या एका संस्थेत जागा मिळाली होती. पाहुणे येऊन गेल्यावर ती डॉक्टरांकडे आली आणि म्हणाली, मी निघते. इथे मला काही ठरवता येत नाही. मी जे मांडते ते तुम्ही तिघं प्रेमाने ऐकता आणि नंतर आपलंच करता. आणि त्या दिवशी त्या गृहस्थांनी विचारलं तेव्हा मी त्याच खोलीत होते, पण तुम्ही एकमेकांकडे बघितलंत.

"असां म्हणाला ता?" सावंतकाकांनी विचारलं. त्यांचा चहा हातातच राहिला होता.

"असंच म्हणाली."

मी म्हणाले की हे आम्हाला सांगायचं तरी. आम्ही तिच्याशी बोललो असतो.

"तुम्ही तिचा पगार वाढवून दिला असता," डॉक्टर म्हणाल्या. "माझी जागा दिली नसती. आणि मीनल, तू माझ्याशी वाद घातला असता आणि जिंकली असती. म्हणून मी आधी निघाली, मग कळवलं."

माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण काका तळ्याकडे बघत होते, आणि त्यांच्याकडे पाहून मला ती बोलवेनात.

थोड्या वेळाने डॉक्टर आपणहून म्हणाल्या की एक दुसरंही कारण आहे, ते फक्त त्यांचं. इतकी वर्षं पिल्लं पाण्यात सोडली, त्यातल्या एकाचंही पुढे काय झालं हे कळलं नाही. पहिली काही वर्षं त्याचं काही वाटलं नाही, मग झोपेत यायला लागलं. "इथं संध्याकाळपर्यंत समजते. वाचलं की मेलं. मेलं तरी समजते." एवढं बोलून त्या उठल्या आणि रहांगडाल्यांना म्हशीचं औषध समजावून सांगायला गेल्या.

मुर्रीची गच्ची

परतल्यावर मी गच्चीवर जाऊन तन्वीला फोन लावला. खाली काका आणि गौतमभाऊ ऊन खात बसले होते. मी सरळ विचारलं की तू गोव्याला जाणार होतीस का. ती हो म्हणाली.

मी विचारलं की अजून जाणार आहेस का. ती म्हणाली, ते तुम्ही डॉक्टरांना आणताय की नाही यावर आहे. त्या आल्या तर मला आनंदच होईल, पण मग मी थांबणार नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याशी माझ्यासारखी बोलत होती, आडपडदा न ठेवता.

"मग अध्यक्ष तू हो," मी म्हणाले. हे मी ठरवून म्हटलं नव्हतं.

ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, आधी एक ऐका. मी अध्यक्ष झाले तर सगळी अंडी उचलून कुंपणात आणायची बंद करणार. जी घरटी जिथे सुरक्षित आहेत ती तिथेच ठेवायची. भरतीचं पाणी पोहोचतं तीच हलवायची. अंडी हलवली की काही खराब होतातच, हे मी आल्यापासून सांगतेय.

ते कुंपण सावंतकाकांनी बांधलं होतं. बांबू त्यांच्या बागेतले, खांब रोवताना त्यांची पाठ धरली होती आणि दर पावसाळ्यानंतर ते स्वतः पुन्हा उभं करायचे. शाळांच्या सहली यायच्या तेव्हा मुलांना तेच दाखवायचे. मी म्हटलं, हे काकांना तू सांगशील की मी? ती म्हणाली, तुम्ही सांगा, मला रडू येईल.

मी जिना उतरले. काकांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं, काही मऊ न करता, कारण मऊ करायला गेले असते तर मला बोलताच आलं नसतं. गौतमभाऊ समजून उठून आत गेले. काकांनी मफलर काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला.

"काढूक सांग," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "माका वाटला होता, तां आपल्याच सारख्या शिकता हा. ता तर शिकानच इल्ला होता." ती आमच्यासारखीच शिकतेय असं आपल्याला वाटलं, ती तर शिकूनच आली होती, असं त्यांना म्हणायचं होतं.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. विमलवहिनीने दोनदा आग्रह केला. डॉक्टर त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मी आत राजीनामा मंजूर केल्याचा ठराव लिहायला घेतला. असे ठराव मी झोपेतही लिहू शकते, पण त्या दिवशी तीनदा खोडला.

परतीची गाडी

डॉक्टर स्टेशनवर आल्या होत्या. उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी त्यांनी खिडकीतून आत दिली. मी म्हटलं की तुम्ही यावं म्हणून मी अजूनही भांडू शकते. त्या म्हणाल्या, माहीत आहे, म्हणून तर गाडी सुटायच्या वेळेला आले. गाडी हलली तेव्हा त्या बरोबर चालल्या नाहीत, हात हलवून लगेच वळल्या. कोणाचीतरी शेळी वाट बघत असेल.

सावंतकाका नागपूरपर्यंत झोपले नाहीत, आणि याची मला काळजी वाटली. मी शिंगाडे सोलून पुढे केले, त्यांनी घेतले आणि हातातच धरून ठेवले. बाहेर कपाशीच्या पऱ्हाट्यांची शेतं लागली. मला पुन्हा सगळं उलटसुलट वाटायला लागलं. आपण डॉक्टरांना गमावलं, आता काकाही घरी बसतील, मग त्या मुलीच्या हातात राहणार काय?

वर्धा गेल्यावर काकांनी माझ्याकडून पेन मागून घेतला. शिंगाडे बांधलेल्या वर्तमानपत्राची कडा फाडली आणि त्यावर काहीतरी काढू लागले. मी वाकून पाहिलं. एक चौकोन, चार पाय, वर जाळी. पाय वाळूत खोल जाणारे, म्हणजे कुत्र्यांना उकरता येऊ नये. घरटं जिथे आहे तिथेच त्याच्यावर ठेवायचा पिंजरा. त्यांनी एका बाजूला माप लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पेन दाताखाली धरून विचार केला.

"तन्वीक फोन लाव," ते म्हणाले. "तिका विचार, जाळयेची भोकां केदी होयी. पिल्लां भायर येवक होयी, आणि कुत्र्याचा तोंड आत जावक नको."

मी नंबर लावला. रेंज येत होती, जात होती. तिने उचलल्यावर मी विचारायला सुरुवात केली, पण काकांनी हात पुढे केला आणि फोन माझ्याकडून काढून घेतला. गाडीचा आवाज मोठा होता. ते उठून दाराजवळ गेले, एक कान बोटाने बंद केला आणि ती सांगत होती ते मान हलवत ऐकत राहिले. मग दाराच्या पत्र्यावर कागद टेकवून त्यांनी तिचं माप लिहून घेतलं.